एका रस्त्याची दोन नावं



 

आजचा विषय आहे साहित्यातला रस्ता. रस्ता म्हणजे आयुष्याचा प्रवास आणि फाटा म्हणजे निवड, हे रूपक आपण शाळेतल्या निबंधापासून वापरत आलोय. वापरून वापरून ते पार गुळगुळीत झालंय. म्हणून आधी एका खऱ्या, खड्ड्यांसकट असलेल्या रस्त्यावर जाऊ, मग पुस्तकांकडे वळू.

मी राहतो बंगळूरच्या सर्जापूर रोडवर. अगर तळ्याकडून निघालात की आधी इब्लूरचा चौक लागतो. तिथे सिग्नलला उभ्या उभ्या एखादी दीर्घकथा वाचून होते. पुढे कैकोंड्रहळ्ळीचं तळं, मग दोड्डकन्नेल्ली, कार्मेलराम, दोम्मसंद्र, आणि शेवटी सर्जापूर नावाचं गाव. या रस्त्यावर राहणाऱ्या कितीतरी जणांनी ते गाव पाहिलेलंही नाही. पत्त्यात मात्र रोज त्याचं नाव लिहितात.

या रस्त्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली पाटीवरची. कन्नडमध्ये इथे लिहिलेलं असतं 'सर्जापुर रस्ते'. कन्नडमध्ये 'रस्ते' हे एकवचन आहे. आपल्या मराठी कानाला मात्र ते अनेकवचन वाटतं. नवीन होतो तेव्हा मी मनात म्हणायचो, अरे, रस्ता तर एकच दिसतोय, बाकीचे कुठे आहेत?

दुसरी गोष्ट नावाची. रस्त्याला नाव मिळतं ते तो जिथे जातो त्या गावाचं. पुण्यात सोलापूर रस्ता आहे, सातारा रस्ता आहे. बंगळुरात होसूर रोड, तुमकूर रोड, म्हैसूर रोड आहे. आता तुम्ही सर्जापूर गावात जाऊन उभे राहा. तिथल्या माणसासाठी हाच रस्ता बंगळूरला जातो, म्हणून तो बंगळूरचा रस्ता. डांबर तेच, खड्डे तेच, झाडंही तीच. पण कुठल्या टोकाला उभे आहात, यावर त्याचं नाव ठरतं.

आज मला एवढंच सांगायचंय, की प्रत्येक रस्त्याला दोन टोकं असतात आणि टोकाटोकाला नाव बदलतं. आपण निवडीच्या गोष्टी सांगतो त्या बहुतेक वेळा निघणाऱ्याच्या टोकावरून सांगतो. दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे, याची नोंद आपल्या भाषेनं फार पूर्वी करून ठेवली आहे. ती नोंद वाचायची आपली सवय मात्र गेलीय.

जगातली सगळ्यात प्रसिद्ध रस्त्याची कविता घ्या. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांची 'द रोड नॉट टेकन'. १९१५ साली ती प्रसिद्ध झाली. आपल्यापैकी अनेकांनी ती इंग्रजीच्या पुस्तकात वाचली असेल, आणि निरोप समारंभाच्या भाषणांत तर ती हमखास येते. तिचा अर्थ बहुतेक जण असा सांगतात की, मळलेली वाट सोडा, वेगळी वाट धरा, आयुष्याचं सोनं होईल. पण कविता नीट वाचली तर कवी स्वतःच कबूल करतो, की दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच मळलेल्या होत्या. फरक पुढे, म्हातारपणी, सांगताना पडणार आहे.

तिच्यामागची हकीकत तर आणखी गमतीची आणि शेवटी चटका लावणारी आहे. फ्रॉस्ट तेव्हा इंग्लंडमध्ये राहायचे आणि एडवर्ड थॉमस या मित्राबरोबर रानावनातून फिरायला जायचे. थॉमसना सवय अशी, की फिरून आलं की हळहळायचं: त्या दुसऱ्या वाटेनं गेलो असतो तर अमुक फूल दाखवता आलं असतं! फ्रॉस्टनी या सवयीची थोडी थट्टा केली. पुढे थॉमस सैन्यात भरती झाले आणि एप्रिल १९१७ मध्ये फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत मारले गेले. म्हणजे ज्याच्यामुळे थट्टेची कविता सुचली, त्यानं नंतर खरोखरच एक वाट निवडली आणि तो परत आला नाही. थॉमस यांच्या घरी पत्नी हेलन होती, मुलं होती. त्या कवितेत मात्र फाट्यावर माणूस एकटाच उभा आहे. घर त्या जंगलात कुठे दिसत नाही.

आता आपल्या भाषेकडे येऊ. मराठीत 'वाट' हा शब्द काय काय करतो बघा. वाट लागते, वाट लावतो, वाट चुकते, वाट अडवतात, वाट मोकळी करून देतात. कुणासाठी आपण वाट वाकडी करतो. कुणाच्या वाटेला जात नाही. वाटखर्ची असते, वाटमारी असते, वाटाड्या असतो. वर्षानुवर्षं वापरात राहिली की त्या वापराला वहिवाट म्हणतात, आणि शेताच्या बांधावरून जाण्याचा वहिवाटीचा हक्क तर कोर्टातही चालतो. बांधावरच्या वाटेवरून चाललेले दावे ज्यांनी घरात पाहिले असतील, त्यांना रस्ता हे नुसतं प्रतीक आहे असं कुणी सांगू नये.

पण या सगळ्यांत माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा वाक्प्रचार अगदी साधा आहे: वाट पाहणे. जरा थांबून ऐका. 'थांबणे' या गोष्टीला आपण म्हणतो वाट पाहणे, म्हणजे रस्त्याकडे बघत राहणे. गुजरातीत 'वाट जोवी' म्हणतात, हिंदीत 'राह देखना', आणि इथे कन्नडमध्येही 'दारी नोडु', म्हणजे वाट बघ. या सगळ्या भाषांना एक गोष्ट ठाऊक आहे. जो जातो त्याच्या पायाखाली रस्ता असतो, जो मागे राहतो त्याच्या डोळ्यांत. रस्ता दोघांचा आहे. चालणारा तो चालून संपवतो. पाहणाऱ्याचा संपत नाही.

मग आपल्या साहित्यात या दोन टोकांचं काय झालं? तीन-चार उदाहरणं बघू.

पहिलं उदाहरण विष्णुभट गोडसे यांचं. पेणजवळ वरसई नावाचं गाव आहे, तिथले हे भिक्षुक ब्राह्मण. घरावर कर्ज होतं. कळलं, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल. म्हणून १८५७ साली काकांबरोबर ते उत्तरेकडे निघाले. साल लक्षात घ्या. आपण कुठल्या वर्षात पाय टाकतोय याची त्यांना काय कल्पना! महूच्या आसपास त्यांना शिपायांकडून सुगावा लागतो, की पुढे मोठा उत्पात होणार आहे. हा त्यांचा फाटा. मागे फिरायचं की पुढे जायचं? मागे कर्ज आहे, पुढे आग. ते पुढे जातात.

त्यानंतरचं तुम्ही 'माझा प्रवास' या पुस्तकात वाचलं असेल. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा हे गृहस्थ शहरात होते. राणी लक्ष्मीबाईंना त्यांनी पाहिलं. कापाकापी पाहिली, उपाशी राहिले, मिळवलेलं पुन्हा पुन्हा लुटलं गेलं. कर्ज फेडायला निघालेला माणूस जवळजवळ रिकाम्या हातानं परतला. पण खांद्यावर एक गोष्ट होती: गंगेच्या पाण्याची कावड. त्या पाण्यानं त्यांनी आपल्या आईवडिलांना स्नान घातलं.

पुस्तक त्यांच्या पश्चात, १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांनी छापलं. इतिहासाचा ऐवज म्हणून आपण ते वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण रस्त्याच्या दृष्टीनं वाचलं तर कळतं, की ज्या कामासाठी वाट धरली ते काम झालंच नाही. तरी प्रवास फुकट गेला असं वाचताना वाटत नाही. कारण त्या प्रवासाचं दुसरं टोक वरसईला आहे, दोन म्हाताऱ्या माणसांपाशी. कावड तिथे पोचली. आता मनात येतं ते हे, की झाशी जळत होती तेव्हा वरसईच्या त्या घरात काय चाललं असेल? पुस्तक प्रवास करणाऱ्याचं आहे, त्यामुळे ते टोक आपल्याला जवळजवळ दिसतच नाही.

ते टोक दिसतं दुसऱ्या एका पुस्तकात, आणि म्हणून मला ते मराठीतलं रस्त्यावरचं सगळ्यात मोठं पुस्तक वाटतं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. तुम्ही म्हणाल, हे तर आत्मचरित्र, यात रस्ता कुठे आला? सांगतो.

नारायण वामन टिळक, कवी, मनस्वी माणूस. आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाशी गाठ पडली, धर्मावर बोलणं झालं, आणि त्यानं बायबल वाचायला दिलं. हा टिळकांचा फाटा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. निवड त्यांची, विचारपूर्वक केलेली, आणि तिच्याबद्दल त्यांनी किंमतही मोजली. पण त्या दिवशी आणखी एका माणसाचं आयुष्य बदललं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. पदरात लहान मूल, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, नातेवाइकांच्या आधारानं दिवस काढणं. काही वर्षं अशी गेली.

लक्ष्मीबाईंनी ही वर्षं लिहिली आहेत. शाळेत न गेलेल्या बाईनं, खळखळून हसवत हसवत, कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात न ढकलता लिहिली आहेत. वाट पाहणाऱ्याच्या टोकावरून रस्ता कसा दिसतो, हे इतक्या स्वच्छ मराठीत दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मला माहीत नाही. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला गेल्या तेव्हाही सुरुवातीला आपलं सोवळंओवळं सांभाळून राहिल्या. नवऱ्यानं निवडली म्हणून त्याची वाट त्यांनी लगेच आपली म्हटली नाही. जातपात माणसानं केली की देवानं, हा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केला, आणि १९०० साली स्वतःचा निर्णय स्वतः घेतला. म्हणजे वाट पाहणारी बाई एका जागी खिळलेली नव्हती. तीही चालत होती, फक्त तिच्या चालण्याची कुठे नोंद होत नव्हती. तिनं ती स्वतः केली.

इथे कुणाच्या तरी मनात प्रश्न येईल: निवड, निवड म्हणताय, पण निवड करायला आधी रस्ता तर पाहिजे? बरोबर आहे. आपल्या समाजात रस्ता सगळ्यांचा नव्हता.

१९०१ सालची गोष्ट. सातारला राहणारी काही मुलं वडिलांना भेटायला निघाली. वडील कोरेगावला नोकरीला होते. मुलं नवे कपडे घालून आगगाडीनं मसूर स्टेशनला उतरली. वडिलांना पत्र मिळालेलंच नव्हतं, त्यामुळे घ्यायला कुणी आलं नाही. त्या मुलांतला एक होता नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर. मुलं महार आहेत हे कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवान न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि गाडी मुलांनी हाकायची, गाडीवानानं बाजूनं पायी चालायचं, असं ठरलं. जवळ खायला होतं, पण वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही. रात्र एका टोलनाक्यापाशी काढावी लागली. बाबासाहेबांनी पुढे ही आठवण लिहिली, त्या लिखाणाचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. मराठीत म्हणायचं तर, व्हिसाची वाट पाहताना. बघा, शब्द कुठे येऊन भेटला! स्वतःच्याच जिल्ह्यातल्या सरकारी रस्त्यावरून चालायला परवान्याची वाट पाहावी लागणारा माणूस. त्याच्यापुढे फाटा ठेवून 'निवड' म्हणणं ही थट्टाच झाली असती. त्यानं पुढे जे केलं ते निवडीपेक्षा मोठं होतं. महाडला १९२७ साली हजारो माणसं घेऊन तो चवदार तळ्याकडे चालत गेला. त्या दिवशी वहिवाट बदलली.

आणि लक्ष्मण माने यांचं 'उपरा', १९८० सालचं. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड, टोपल्या विणत गावोगाव फिरणारं कैकाडी कुटुंब. आपण कौतुकानं म्हणतो, जीवन हा प्रवास आहे. 'उपरा' वाचताना ते वाक्य तोंडातून निघत नाही. ज्यांचं सगळं आयुष्यच रस्त्यावर गेलं, त्यांना प्रवास नको होता, मुक्काम हवा होता. शाळेत नाव घालायला एक गाव हवं होतं.

म्हणून मी म्हणतो, रस्त्याची गोष्ट सांगताना तीन माणसं मोजावीत. जाणारा. त्याची वाट पाहणारा. आणि ज्यानं आधी वाट मोकळी केली तो. पहिल्याच्या नावानं पुस्तकं निघतात, बाकीच्या दोघांना फार तर अर्पणपत्रिकेत जागा मिळते.

तिसऱ्या माणसाचं उदाहरण द्यायला मला माझ्या सर्जापूर रोडवर यावं लागेल. तुम्हाला वाटेल, इथे कुठला मराठी साहित्याचा संबंध? आहे. या रस्त्यावर दोड्डकन्नेल्लीला विप्रोचं मुख्यालय आहे. ही कंपनी जन्मली १९४५ साली, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला. नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, माल होता वनस्पती तूप. खानदेशातल्या तेलाच्या गिरणीपासून बंगळूरच्या सॉफ्टवेअरपर्यंतचा तो रस्ता सगळ्यांना माहीत आहे.

त्याच अमळनेरहून आणखी एक रस्ता निघाला होता. १९२४ ते १९३० या काळात तिथल्या शाळेत एक शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुणारे, त्यांना गोष्टी सांगणारे. पांडुरंग सदाशिव साने. १९३० साली त्यांच्यापुढे फाटा आला आणि त्यांनी नोकरी सोडून तुरुंगाची वाट धरली. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली 'श्यामची आई' लिहिली. हे सगळं आपण जाणतो. मला सांगायचंय ते पुढचं.

पंढरीची वारी ही आपल्या साहित्यातली सगळ्यात मोठी वाट. आळंदीहून, देहूहून पालख्या निघतात, वीसेक दिवस माणसं चालतात. या वाटेवर फाटा नाही. मुक्काम ठरलेले, रिंगणं ठरलेली, पोचायचं ठिकाण शेकडो वर्षं तेच. इथे निवड एकच: यंदा चालायचं की नाही. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या आणि त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला, 'परिपूर्ती' या पुस्तकात तो आहे. त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. ज्या देशाची माणसं पंढरीला चालत येतात तो महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची नवी व्याख्या त्यांना तिथे सापडली. आणि त्याच वाटेवर त्यांना खुपलं, की विठोबा एक, वाट एक, पण दिंड्या जातीप्रमाणे वेगळ्या, पंगती वेगळ्या. सोबत चालणं आणि सोबत असणं यातलं अंतर त्यांनी मोजलं.

त्या वाटेच्या शेवटी तर दारच बंद होतं. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. त्यांच्या लोकांनी वारी करायची आणि पायरीपाशी थांबायचं. शतकानुशतकं. अमळनेरच्या त्या मास्तरांनी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांचं मन वळवायचा प्रयत्न केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण आरंभलं. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं झालं. सानेगुरुजींनी स्वतःसाठी नवी वाट शोधली असं मी म्हणणार नाही. आधीच असलेल्या वाटेचं शेवटचं पाऊल त्यांनी दुसऱ्यांसाठी मोकळं केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी इथे बसून त्याच्या बातम्या वाचत होतो. मनात म्हटलं, या दोन रस्त्यांपैकी एक माझ्या घरावरून जातो, आणि दुसऱ्यावरून आपण किती चाललो, हा हिशेब अजून व्हायचाय.

आता थोडं घरचं सांगतो. घरचं आहे, पण तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरी थोड्याफार फरकानं हेच असेल.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, कऱ्हाडला. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. त्यांना कित्येक वर्षं मुक्कामी गाडी असायची. मुक्कामी गाडी माहीत आहे ना? रात्री शेवटच्या गावाला जायची, ड्रायव्हर-कंडक्टरनं तिथेच झोपायचं, पहाटे पहिली फेरी घेऊन परत. पावसाळ्यात पुलावर पाणी आलं की गाडी पलीकडे अडकायची. तेव्हा घरी फोन नव्हता. आई काही बोलायची नाही, पण दोनचाकीसुद्धा वाजली की तिचा हात कामात थबकायचा. आण्णा आले की ती एवढंच म्हणायची, "जेवायला वाढू का?" त्यांनी किती किलोमीटर गाडी चालवली याचा हिशेब डेपोत आहे. अपघात न केल्याचा बिल्लाही त्यांना मिळाला. आईच्या वाट पाहण्याची कुठल्याच रजिस्टरला नोंद नाही. ती गेली, आणि आता तिला विचारताही येत नाही.

मी वीस वर्षांपूर्वी इथे आलो. आण्णा कऱ्हाडलाच राहिले. इकडे या म्हटलं की म्हणतात, "गाडी डेपोत लागली रे, आता परत रूटवर काढू नको." रात्रीच्या बसनं मी निघालो की पहाटे त्यांचा फोन येतो. "पोचायला किती वेळ?" असं ते कधी विचारत नाहीत. विचारतात, "निपाणी गेली का?" निपाणी गेली म्हटलं की पुढचा सगळा रस्ता, कागल, कोल्हापूर, पेठनाका, त्यांच्या डोळ्यांपुढे असतो. आयुष्यभर जो जाणारा होता, तो आता पाहणारा झालाय. आणि ज्या महामार्गाला मी इथून पुण्याचा रस्ता म्हणतो, त्याला ते बंगळूरचा रस्ता म्हणतात.

यंदा माझी मुलगी पुढच्या शिक्षणाला जर्मनीला जायचं म्हणतेय. प्रवेश झालाय. परवा तिनं विचारलं, "बाबा, जाऊ ना?" मी तिला फ्रॉस्ट ऐकवू शकलो असतो. वेगळी वाट, धाडस वगैरे. पण तिला धाडस शिकवायची गरज नव्हती, ते तिच्याकडे आहे. तिला हवं होतं ते वेगळंच. आपल्यामागे काय होईल, हे तिला ऐकायचं होतं. मी म्हटलं, "जा. आम्ही वाट पाहू, आणि ते आमचं काम आहे, तुझ्यावर कर्ज नाही. फक्त आण्णांना तुझ्या गाडीची स्टेशनं पाठ करून दे." तिनं खरंच दिली. परवा आण्णांनी फोनवर फ्रँकफुर्टच्या पुढचं स्टेशन मला सांगितलं. उच्चार कऱ्हाडचा होता, पण क्रम बरोबर होता.

तुम्ही म्हणाल, म्हणजे निघताना मागच्यांचा विचार करून पाय मागे घ्यावा का? अजिबात नाही. विष्णुभट निघाले नसते तर 'माझा प्रवास' नसता. टिळक निघाले नसते तर कदाचित 'स्मृतिचित्रे'ही नसती. सानेगुरुजी अमळनेरच्या शाळेत निवृत्त झाले असते, तर मुलांना एक चांगले मास्तर मिळाले असते आणि पंढरपूरचं दार कुणास ठाऊक कधी उघडलं असतं. निघायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच, की आपली गोष्ट सांगताना रस्त्याची दोन्ही नावं सांगावीत. 'मी माझी वाट स्वतः शोधली' हे वाक्य बोलण्याआधी जरा मोजून घ्यावं, की ती आधी कुणी मोकळी केली होती आणि ती कुणी पाहिली.

यासाठी एक काम सुचवतो. साहित्याच्या व्याख्यानात गृहपाठ देत नाहीत, पण आज देतो. आपल्याकडे जाणाऱ्यांची प्रवासवर्णनं भरपूर आहेत. अमेरिकेत गेलेल्यांची आहेत, आखातात गेलेल्यांची आहेत, आता बंगळूर-हैदराबादला आलेल्यांचीही येतील. वाट पाहणाऱ्यांची वर्णनं फार थोडी आहेत. लक्ष्मीबाईंसारखी स्वतः लिहिणारी बाई शंभर वर्षांत एखादी. तुमच्या घरात जे कुणी मागे राहिलंय, आई, वडील, आत्या, गावाकडचा भाऊ, त्यांच्याजवळ बसा किंवा फोन लावा. त्यांना विचारा: मी निघालो त्या दिवशी तुम्ही घरी परत येऊन काय केलंत? जेवलात का? कुणाशी बोललात? एवढे तीन प्रश्न. त्या बोलण्याचं रेकॉर्डिंग करा, नाहीतर वहीत लिहून ठेवा. भाषा त्यांची ठेवा, आपली घालू नका.

उत्तर एखाद्या वेळी दोनच शब्दांचं येईल. "काय करणार, कामाला लागलो." तेही लिहून ठेवा. आपण ज्या रस्त्यानं आलो त्याचं दुसरं नाव त्या दोन शब्दांत आहे, आणि ते आपल्याशिवाय दुसरं कुणी लिहून ठेवणार नाही.